अनुदानित शाळा म्हणजे नेमकी कुणाची?

मालवणच्या टोपीवाला हायस्कूलसारख्या शाळांबद्दल पालकांमध्ये दोन समज आढळतात. कुणी म्हणतो सरकारी, कुणी म्हणतो खासगी, म्हणजे फी भरपूर. खरे तर ही अनुदानित शाळा (चालवणारी खासगी संस्था, शिक्षकांचे पगार सरकारचे). रेशन दुकान आठवा: दुकान खासगी माणसाचे, धान्य आणि दर सरकारचे. अभ्यासक्रम राज्य मंडळाचा. आठवीपर्यंत पाठ्यपुस्तके आणि पोषण आहारही मिळतो.

अमेरिकेतील चार्टर शाळा (सरकारी पैशाने, पण कराराने स्वतंत्रपणे चालणारी) हिची दूरची नातलग. तिथला पहिला कायदा मिनेसोटाचा, 1991चा. पण निकाल घसरले तर तो करार रद्द होऊ शकतो. आपल्याकडे असा करारच नसतो.

घोटाळा होतो तो एकाच फाटकाच्या आत. मराठी माध्यमाची तुकडी अनुदानित आणि शेजारची इंग्रजी माध्यमाची स्वयंअर्थसहाय्यित (सरकारी पैशाविना, फीवर चालणारी; कायदा 2012चा) असू शकते. काही तुकड्या अंशतः अनुदानित असतात. तिथे अनुदान 20 टक्क्यांच्या टप्प्यांनी वाढते. म्हणून प्रवेश घेताना शाळेचे नव्हे, तुकडीचे अनुदान विचारावे. विचारायला संकोच कसला, कार्यालयात ते कागदावर असतेच.