उतारवयाचा परवाना

सुरतेचं नाव निघालं की मराठी माणसाला १६६४ आणि १६७० ही दोन सालं आठवतात. मला मात्र हल्ली त्याआधीचं, १५७५ हे साल खुणावत राहतं. त्या वर्षी पावसाळा सरल्यावर फत्तेपूर सिक्रीहून बायकांचा एक काफिला निघाला आणि तापीकाठी येऊन थांबला. काफिल्याची प्रमुख होती गुलबदन बेगम. बाबराची मुलगी, हुमायूनची बहीण, अकबराची आत्या. वय बावन्नच्या आसपास. सोबत अकबराची पत्नी सलीमा सुलतान बेगम आणि घराण्यातल्या आणखी काही वडीलधाऱ्या स्त्रिया. जायचं होतं मक्केला. सुरत अकबराने दोनच वर्षांपूर्वी जिंकलेली. बंदर भाच्याचं, पैशाला तोटा नाही. तरीही या बायका जवळजवळ वर्षभर गुजरातेत खोळंबून राहिल्या, कारण किनारा अकबराचा असला तरी पाण्यावर हुकूम चालत होता पोर्तुगीजांचा.

अरबी समुद्रात पोर्तुगीजांचा ‘कर्ताझ’ जवळ नसेल तर जहाज जप्त होई. कर्ताझ म्हणजे एक कागद. जहाजाचं नाव, नाखुदाचं नाव, शस्त्रं किती, निघालं कुठून, चाललं कुठे, कोणता माल न्यायचा नाही, हे सगळं त्यावर लिहिलेलं. वर येशू आणि मेरीची चित्रं. असा कागद हातात धरून हजला जाणं धर्माला चालतं का, यावर दरबारातल्या मौलवींमध्ये खल होई, असं अकबराच्याच दरबारातल्या बदायुनीने लिहिलेल्या इतिहासात आहे. एवढ्या मोठ्या बादशहाच्या आत्यालाही या कागदातून सुटका नव्हती. तो मिळवण्यासाठी तिने पोर्तुगीजांना एक गाव दिलं, ते बहुतेक वलसाड असावं, असं इतिहासकार सांगतात. १५७६ च्या ऑक्टोबरात जहाज निघालं.

या कहाणीतला मला थक्क करणारा भाग यापुढचा आहे. गुलबदन मक्केला पोचली आणि तिथेच राहिली. एक हज झाला, दुसरा झाला, अशी तीन वर्षं उलटली. बायका दानधर्म करत होत्या, त्यांच्याभोवती माणसं जमत होती. हिजाझचं, म्हणजे मक्केच्या त्या प्रांताचं, धान्य बाहेरून यायचं आणि ते नेहमीच बेताचं. शेवटी इस्तंबूलहून सुलतान मुराद तिसरा याची फर्मानं सुटली: हिंदुस्थानातून आलेल्या या पाहुण्यांना आता परत पाठवा. ही फर्मानं तुर्कस्तानच्या दफ्तरखान्यात आजही वाचायला मिळतात. परतीच्या वाटेवर एडनजवळ जहाज फुटलं, तिथे कितीतरी महिने गेले, आणि १५८२ मध्ये ती फत्तेपूर सिक्रीला पोचली.

म्हणजे साडेचारशे वर्षांपूर्वीसुद्धा जाण्याची परवानगी एकाकडे होती आणि राहण्याची दुसऱ्याकडे. आजच्या निवृत्त माणसाच्या बाबतीत तर याचे आणखी तुकडे झाले आहेत. देशात शिरायचं कोणी ठरवावं, किती दिवस राहायचं, कोणती मालमत्ता घ्यायची, कर कुठे भरायचा, पेन्शन किती मिळणार, आजारपण कोणी बघायचं: प्रत्येकाचा कायदा वेगळा, खातं वेगळं, दिवस मोजण्याची रीतही वेगळी. आणि हे सगळं समजून घ्यायला सुरतेसारखी दुसरी जागा नाही.

कारण या जिल्ह्याची माणसं जगभर पांगलेली आहेत. तापीच्या पलीकडच्या रांदेरमधून लोक रंगूनला गेले. आसपासच्या गावांतून दक्षिण आफ्रिकेत, न्यूझीलंडला, ब्रिटनमध्ये, अमेरिकेतल्या मोटेलांच्या धंद्यात गेले. बारडोली, कामरेजकडच्या गावांत मोठमोठी घरं वर्षभर कुलूपबंद असतात आणि डिसेंबरात उघडतात. त्यातलं एखादं घर मार्चनंतरही उघडं दिसलं, तर आत कुणीतरी कायमचं परतून आलेलं असतं. त्याच्या कपाटात पासपोर्टच्या आकाराची एक छोटी पुस्तिका असते: ओसीआय, म्हणजे ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’.

ही योजना २००६ च्या जानेवारीत हैदराबादच्या प्रवासी भारतीय दिवसाला सुरू झाली. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांसाठीचं त्याआधीचं पीआयओ कार्ड २०१५ मध्ये तिच्यात विलीन झालं. आपली राज्यघटना दुहेरी नागरिकत्व मान्य करत नाही. परक्या देशाचं नागरिकत्व घेतलं त्या क्षणी भारताचं जातं, पासपोर्ट परत करावा लागतो. पण ज्याचे आईवडील, आजी-आजोबा किंवा पणजी-पणजोबा इथले होते, त्याला ओसीआय मिळू शकतं. (पाकिस्तान आणि बांगलादेशाच्या नागरिकांना नाही.) जुन्या कार्डांबरोबर परदेशी पासपोर्टवर ‘यू’ अक्षराच्या व्हिसाची चिकटपट्टी लावून मिळे. हा व्हिसा आयुष्यभराचा. कितीही वेळा या, कितीही राहा, पोलिसांकडे नोंदणी नको. पन्नाशी ओलांडल्यावर नवा पासपोर्ट काढला, तर त्याची प्रत आणि ताजा फोटो एकदा संकेतस्थळावर चढवायचा, एवढंच काम उरतं. पणजोबांच्या गावाच्या नावावर मिळणारा असा आजन्म प्रवेश मला फार मोठी गोष्ट वाटते. ज्याचं इथे कोणी नाही अशा परदेशी निवृत्तासाठी भारतात ‘रिटायरमेंट व्हिसा’ म्हणून काही नाहीच. थायलंड पन्नाशीच्या वरच्या माणसाला बँकेत आठ लाख बाट दाखवल्यावर वर्षभर राहू देतं आणि दर नव्वद दिवसांनी पत्ता कळवायला लावतं. आपल्याकडे पैशाला विचारत नाहीत, वंशावळीला विचारतात.

आता मालमत्ता. इथे सुरतेचा इतिहास पुन्हा डोकं वर काढतो. १६१८ मध्ये इंग्रजांचा वकील सर टॉमस रो याने शहजादा खुर्रमकडून, म्हणजे पुढच्या शाहजहानकडून, इंग्रजांसाठी सुरतेत व्यापाराची सवलत मिळवली. अट अशी की इंग्रजांनी घर भाड्याने घ्यावं, विकत घ्यायचं नाही, बांधायचं तर नाहीच. जमिनीत मुळं धरू दिली की पाहुणा पाहुणा राहत नाही, हे खुर्रमला पक्कं कळत होतं. आजचा ओसीआय फ्लॅट घेऊ शकतो, बंगला घेऊ शकतो. शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस मात्र विकत घेऊ शकत नाही. वडिलांची शेती वारशाने येऊ शकते; पुढे विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते. मूळच्या शेतकरी कुटुंबाला हे लागतंच. लहानपणी ज्या बांधावर आंबे खाल्ले त्याला लागून असलेला तुकडा विक्रीला निघतो, खिशात पौंड असतात, आणि तरी तो घेता येत नाही.

सगळ्यात गंमत आयकराची आहे. व्हिसावाला दिवस मोजत नाही, आयकरवाला एकूण एक मोजतो. आर्थिक वर्षात १८२ दिवस भारतात भरले की माणूस इथला रहिवासी. भेटीला येणाऱ्या भारतीय वंशाच्या माणसाचं इथलं उत्पन्न पंधरा लाखांच्या वर असेल आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस इथे झाले असतील, तर ही रेघ १२० दिवसांवर येते. म्हणून ही माणसं परतीचं तिकीट काढताना कॅलेंडर पुढ्यात घेऊन बसतात. कायमचं परतलेल्यासाठी कायद्याने एक मधली पायरी ठेवली आहे. आधीच्या दहा वर्षांपैकी नऊ वर्षं तो अनिवासी असेल, किंवा मागच्या सात वर्षांत मिळून ७२९ दिवसांपेक्षा जास्त इथे राहिला नसेल, तर परदेशातून मिळणाऱ्या पेन्शन-व्याजावर इथे लगेच कर लागत नाही. ही पायरी साधारण दोन-तीन वर्षं पुरते. त्यानंतर जगात कुठेही मिळवलेला पैसा इथल्या विवरणपत्रात दाखवावा लागतो, परदेशातली खातीसुद्धा.

आणि पेन्शन! ब्रिटनची सरकारी पेन्शन तिथे राहणाऱ्याला दरवर्षी वाढून मिळते. भारतात राहायला आलं की ती आहे त्या रकमेवर गोठते. भारत त्या वाढीच्या यादीत नाही. दहा वर्षांनी हातात येणारे पौंड तेवढेच. गंमत म्हणजे तोच माणूस काही आठवडे ब्रिटनला राहायला गेला, तर तेवढ्या दिवसांपुरता त्याला चालू दर मिळतो. परत आला की पुन्हा जुना आकडा. दवाखान्याचंही असंच. एनएचएस या ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेचे मोफत उपचार तिथे वास्तव्य असणाऱ्याला, नुसत्या पासपोर्टावर नाहीत. अमेरिकेचं मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, तर अटलांटिक ओलांडतच नाही. चाळीस वर्षं मोटेल चालवताना भरलेले हप्ते सुरतेच्या हॉस्पिटलात कामाला येत नाहीत.

उलट दिशेने जाणाऱ्यांचे हाल मराठी घरांना जास्त ओळखीचे. मुलाकडे अमेरिकेत गेलेल्या आईवडिलांना पर्यटक व्हिसावर एका खेपेला सहसा सहा महिने मिळतात. मुलगा तिथला नागरिक झाला तर त्याच्या आईवडिलांच्या ग्रीन कार्डाला वार्षिक संख्येची मर्यादा नाही. पण कार्ड मिळाल्यावर वर्षाहून जास्त काळ बाहेर राहिलं तर तेच कार्ड धोक्यात येतं. मग ठाण्यातला फ्लॅट आणि न्यू जर्सीतली नातवंडं यांच्यात फेऱ्या सुरू होतात. कॅनडाच्या सुपर व्हिसावर आता एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येतं. ब्रिटनने २०१२ मध्ये दार जवळजवळ लावूनच घेतलं. रोजच्या व्यवहारासाठी दुसऱ्याची मदत लागते आणि ती सोय मायदेशात होऊच शकत नाही, हे सिद्ध केलं तरच म्हातारे आईवडील तिकडे कायमचे राहू शकतात. भारतातून हे सिद्ध करणं महाकठीण, कारण इथे पगारी माणूस ठेवता येतो, असं उत्तर येतं. पगारी माणूस आणि मुलगी यांतला फरक त्या अर्जात कुठे मांडायचा?

परतलेल्यांपैकी काहींना मात्र व्हिसा, कार्ड, सवलत यांपैकी काहीच नको असतं. त्यांना मत द्यायचं असतं, आणि ते ओसीआयला देता येत नाही. त्यांच्यासाठी नागरिकत्व कायद्याच्या पाचव्या कलमात वाट आहे: पाच वर्षं ओसीआय म्हणून नोंदणी झालेली हवी आणि अर्जाच्या आधीचे सलग बारा महिने भारतात काढलेले हवेत. मध्ये लग्नकार्य किंवा आजारपणासाठी बाहेर जावं लागलंच, तर विशेष परिस्थितीत सरकार सूट देऊ शकतं. ती सूटही सगळे तुकडे मिळून तीस दिवसांची. अर्ज मंजूर झाला की दुसऱ्या देशाचं नागरिकत्व सोडावं लागतं, आणि मग मतदार यादीत नाव नोंदवायचा अर्ज भरता येतो, तरुणपणी भरला होता तसाच.