गडाची पायी वाट आणि मागे लागलेलं कुत्रं

हा भाग लिहूनही टाकतोय, कारण यातल्या काही गोष्टी चालता चालता मोबाइलवर उघडून बघाव्या लागतील. भाषा बोलीच ठेवली आहे.

विषय आहे चैत्रातली गडाची पदयात्रा. रामनवमी ते चैत्र पौर्णिमा या दिवसांत धुळे-जळगावकडची गावंच्या गावं सप्तशृंगी गडाकडे पायी निघतात. देवीचं माहेर खानदेश, असं आपल्याकडे मानतात, त्यामुळे चैत्रातली गर्दी मुख्यतः आपलीच. धुळ्याहून लळिंगचा घाट, मालेगाव, देवळा, कळवण, नांदुरी आणि मग गड. धुळ्यापासून साधारण दीडशे किलोमीटर. जळगावकरांना सव्वादोनशेच्या पुढे, ज्या रस्त्याने जाल तसं.

पाणी, बूट, फोड, गोळ्या यावर भरपूर व्हिडिओ आहेत. वाटेत भेटणाऱ्या जनावरांवर मात्र कुणी फारसं बोलत नाही. आज तेवढंच.

आपण चालतो तीच त्यांची वेळ

चैत्रात आपल्याकडे पारा चाळिशी पार करतो. म्हणून पदयात्री पहाटे तीन-चारला उठतात, दहा-अकरापर्यंत चालतात, दुपारी झाडाखाली किंवा शाळेच्या व्हरांड्यात पडतात आणि उन्हं कलली की पुन्हा निघतात. हिशोब बरोबर आहे.

पण उन्हाचा हाच हिशोब जनावरंही करतात. बिबट्या, कोल्हा, साप, भटकी कुत्री, सगळ्यांची फिरायची वेळ पहाट, संध्याकाळ आणि रात्र. म्हणजे सावली वाचवायला निघालेलो आपण नेमके त्यांच्या ड्युटीच्या टायमाला रस्त्यावर असतो. हे लक्षात ठेवलं की पुढचं सगळं सोपं होतं.

कुत्रं मागे का येतं?

जवळपास प्रत्येक पदयात्रेत हे होतं. कुणीतरी बिस्कीट टाकतं, एक कुत्रं मागे लागतं. दहा किलोमीटर झाले की त्याला नाव मिळतं, गळ्यात भगवी पट्टी येते, रील होते आणि खाली कमेंट पडते, 'देवीनेच पाठवलं भो!'

श्रद्धेबद्दल वाद नाही. पण कुत्र्याच्या बाजूने बघा. गावातल्या कुत्र्याला हद्द असते. चार गल्ल्या, एक टपरी, एक उकिरडा. हद्दीतली बाकीची कुत्री ओळखीची असतात, कुणाला दबायचं आणि कुणावर गुरगुरायचं हे ठरलेलं असतं. म्हणूनच २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत नसबंदी केलेलं कुत्रं जिथून पकडलं तिथेच सोडायला सांगितलंय.

आपल्या मागे आलेलं कुत्रं हद्दीबाहेर पडतं. पुढच्या प्रत्येक गावात त्याच्यावर तिथली टोळी धावून येते आणि ते घाबरून आपल्याच पायांत शिरतं. अशा भांडणात चावा कुणाला बसेल सांगता येत नाही. शिवाय महामार्गावर ट्रकसमोर तेच आधी जातं. समजा गडापर्यंत पोचलंच, तर आपण दर्शन घेऊन गाडीने घरी येतो. ते मात्र दीडशे किलोमीटर लांब, अनोळखी कुत्र्यांत उरतं.

त्यामुळे खायला घालायचं असेल तर ते राहतं तिथेच घाला, आणि तेही मुक्काम सोडताना नको. निघताना बिस्कीट दिलं तर ते चालायचंच आमंत्रण होतं. मागे आलंच तर पहिल्या अर्ध्या किलोमीटरमध्ये थांबा, हाक मारू नका, डोळ्यात बघू नका. काहीच मिळत नाही हे कळलं की बहुतेक कुत्री परततात. दगड मारायची गरज नसते.

घरचं कुत्रं सोबत नेण्याचा विचार असेल तर एक टेस्ट करा. दुपारी डांबरावर तळहाताची मागची बाजू सात सेकंद टेकवा. तुम्हाला सहन झालं नाही तर त्याच्या पंजालाही होणार नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच ते शरीर थंड करतं. त्याला घरी कुणाकडे तरी ठेवा, बस.

कुत्रं, पत्रावळ आणि बिबट्या

कळवण सोडलं की सपाटी संपते आणि डोंगर सुरू होतो. इथे कुत्र्याच्या गोष्टीत बिबट्या येतो.

शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले भागात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचा आहार तपासला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, वजनाच्या हिशोबाने ८७ टक्के खाणं पाळीव किंवा माणसाजवळच्या जनावरांचं निघालं. त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के. त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या, तरी त्यांचा वाटा फक्त ११ टक्के. कारण उघड आहे. शेळी रात्री गोठ्यात बंद असते, कुत्रं मोकळं असतं.

आता भंडारा आठवा. रस्त्यालगत हजारो पत्रावळी, उरलेला भात, बुंदी. दोन दिवसांत तिथे आसपासची कुत्री गोळा होतात. जिथे कुत्री जमतात तिथे बिबट्याची चक्कर होऊ शकते. आपण पुढच्या गावी गेलेलो असतो. रात्री लेकराला घेऊन अंगणात झोपणारी बाई मात्र तिथलीच असते.

डोंगरातल्या गावाला हे नवीन नाही. कळवण-सुरगाण्याकडच्या आदिवासी पाड्यांवर दिवाळीच्या तोंडावर वाघबारस होते. शिवेवर वाघदेव असतो, दगडावर किंवा लाकडावर वाघ, सूर्य, चंद्र कोरलेले. त्याला नैवेद्य दाखवून गुरंढोरं सांभाळ म्हणायचं. म्हणजे वाघ शेजारी आहे हे त्यांनी मान्य केलेलं आहे आणि त्याची जागा ठरवलेली आहे. आपण तर त्या दोघांच्याही घरात चार दिवसांचे पाहुणे.

म्हणून भंडारा करणाऱ्या मंडळांना एकच विनंती. उरलेलं अन्न रस्त्याकडेला टाकू नका. खड्डा करून पुरा किंवा ग्रामपंचायतीला विचारून गाडीत भरून न्या. स्वयंसेवकांच्या यादीत 'कचरा' म्हणून दोन नावं आधीच लिहा. नंतर कुणी पुढे येत नाही.

चावलंच तर

रेबीजचा विषाणू जनावराच्या लाळेतून येतो. लक्षणं सुरू झाली की वाचणं जवळपास अशक्य, पण वेळेत उपचार घेतले तर तो टाळता येतो. त्यामुळे 'थोडंच खरचटलंय, दर्शन करून बघू' हे वाक्य बंद.

१. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. मोबाइलवर टायमर लावा, अंदाज नको. हळद, मिरची, चुना काही लावू नका.

२. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. या वाटेवर मालेगाव, देवळा, कळवण इथे सरकारी रुग्णालयं आहेत. जखमेतून रक्त आलं असेल तर लसीसोबत जखमेत द्यायचं इम्युनोग्लोब्युलिन लागेल का, हे स्वतःहून विचारा.

३. लस एका दिवसात संपत नाही. त्वचेत देतात तेव्हा पहिला दिवस शून्य धरून पुढचे डोस तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी असतात. पदयात्रेत अडचण इथेच येते. पहिला डोस मालेगावला, तिसऱ्या दिवशी तुम्ही डोंगरात, सातव्या दिवशी घरी. कागदाचा फोटो काढा, तारखांचे रिमाइंडर लावा. तो कागद दाखवून पुढचा डोस दुसऱ्या सरकारी दवाखान्यात घेता येतो.

बिबट्या दिसलाच तर

बहुतेक वेळा तो आपल्याला बघतो आणि आपल्याला कळायच्या आत निघून जातो. तरी अंधारात एकटं मागे राहू नका. लहान मुलं घोळक्याच्या मधे ठेवा. हातात टॉर्च असू द्या, बोलत चाला. पहाटे झाडाआड एकट्याने जाऊन बसू नका, कारण खाली बसलेला माणूस त्याला लहान जनावरासारखा दिसतो. समोर आलाच तर पळू नका, वाकू नका. ताठ उभे राहा, तोंड त्याच्याकडे ठेवून हळूहळू मागे सरका, त्याला जायला वाट द्या. फोटो राहू द्या. वनविभागाची हेल्पलाइन १९२६, अँब्युलन्स १०८. दोन्ही नंबर आत्ताच सेव्ह करा.

आणि मुक्कामाला उघड्या फरशीवर झोपायचं असेल तर मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली खोचा. मण्यार रात्री झोपलेल्या माणसाला चावते, आणि चावा इतका बारीक असतो की कधीकधी जागच येत नाही.

तुमच्या पदयात्रेचा व्हॉट्सॲप ग्रुप असेल तर निदान लस आणि कचरा हे दोन मुद्दे तिथे टाका. तुमच्या गावाचं मंडळ उरलेल्या अन्नाचं काय करतं, तेही कळवा. चांगली पद्धत असेल तर पुढच्या भागात सांगू.

सप्तशृंगी माते की जय. जपून चाला!