लहान विमानाचे पुनर्रंगकाम
विमानाचा जुना रंग काढून नवा देण्याच्या प्रक्रियेस पुनर्रंगकाम म्हणतात. रंग ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे क्षरणापासून रक्षण करतो. म्हणून निकृष्ट रंगकाम हा केवळ दिसण्याचा दोष नसतो. शेपटीवरील किंवा पंखांवरील हलत्या पृष्ठभागांवर रंगाचा जाड थर बसल्यास त्यांचा तोल बिघडतो व उड्डाणात धोकादायक कंपने निर्माण होऊ शकतात. हवेचा दाब मोजणारी छिद्रे बुजल्यास उंची व वेग चुकीचे दिसतात. त्यामुळे विमान ताब्यात घेताना हा तोल, विमानाचे वजन व गुरुत्वमध्य यांच्या नोंदी तपासणे आवश्यक असते. दोष आढळल्यास छायाचित्रांसह लेखी कळवून उड्डाणापूर्वीच दुरुस्ती करून घ्यावी लागते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबाबत दोन वर्षांत तक्रार करता येते. मात्र व्यापारी प्रयोजनासाठी घेतलेली सेवा त्यात येत नाही. तेथे लेखी करारच आधार ठरतो.