सहलीची वेळ ओहोटीने ठरवावी

ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं आणि २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात मुलांना न्यायची सोयही आहे. पण गुलाबी पक्षी, फोटो आणि डबा एवढ्यावर सहल आटोपली, तर मुलांनी पक्षी पाहिले, खाडी पाहिलीच नाही. खाडीचं सगळं गणित दिवसातून दोनदा चढणाऱ्या-उतरणाऱ्या पाण्यावर चालतं, म्हणून सहलीची वेळ शाळेच्या सोयीने न ठरवता ओहोटी बघून ठरवावी. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात: चतुर्थीला साधारण तीनला भरती, म्हणजे सकाळी नऊच्या आसपास ओहोटी. (पाऊणकीचा पाढा शेवटी कुठेतरी उपयोगी पडला!) खाडीत आतवर पाणी जरा उशिरा पोचतं, तेवढं धरून चालायचं. मग चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली तिवराची श्वसनमुळं दिसतात, निवट्या नावाचे मासे उड्या मारताना सापडतात. तिवराच्या पानाला जीभ लावली की खारट लागतं, कारण नको असलेलं मीठ ते झाड पानांवाटे बाहेर टाकतं.

अभ्यासक्रम अर्धवट राहतो, चिखलात मुलं पडतील, या शंका रास्त आहेत. पण लाकडी वाटेवरून, लहान गटाने, अर्ध्या दिवसात हे जमतं; दोनशे मुलं एकदम नेली तर मात्र पक्षी उडतील आणि शिक्षकाचा घसाही बसेल. ‘कायदा आहे, मुलांना शिकवून काय होणार?’ हा आक्षेप जास्त वजनाचा आहे. कांदळवनाचा नाश म्हणजे नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्येच म्हटलं आहे. तरी राडारोड्याचे ट्रक खाडीकाठी रिकामे होतात ते ही जागा पडीक समजली जाते म्हणून, आणि ती समजूत निकालपत्राने पुसली जात नाही.

अडचणीची गोष्टही लपवू नये. फ्लेमिंगो ज्या सूक्ष्म शेवाळावर जगतात, त्याच्या वाढीला शहराच्या सांडपाण्यातली पोषकद्रव्यंही हातभार लावतात. ‘मग घाण पाणी चांगलंच की!’ असं एखादी मुलगी म्हणेल. तिला गप्प न करता पुढचा प्रश्न द्यावा: त्याच पाण्यातून येणारे कारखान्यांचे जड धातू कुठे साठतात, आणि तो चिखल चाळून कोण पोट भरतं?