ठोक्यामागची आस

एखादं पाश्चात्त्य गाणं कुठल्या दशकातलं आहे हे ओळखायचं असेल, तर थोडा वेळ गायकाला विसरा आणि फक्त स्नेअर ड्रम ऐका. ड्रमसेटवर वादकाच्या दोन गुडघ्यांच्या मधोमध असतो तो चपटा ड्रम. त्याच्या खालच्या बाजूला तारा ताणलेल्या असतात, म्हणून काठी पडली की ताशासारखा कडक, चरचरीत आवाज निघतो. पॉप-रॉकच्या बहुतेक गाण्यांत तो चारांपैकी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतो. चाली बदलल्या, कपडे बदलले, तरी हा ठोका जागचा हलला नाही. बदललं ते ठोका पडून गेल्यावर मागे उरणारं. आपले तबलजी त्याला आस म्हणतात. दशकाची खूण मला या आसेत सापडते.

१९६३ पासून सुरुवात करू. हॉलिवूडच्या गोल्ड स्टार स्टुडिओत निर्माता फिल स्पेक्टरने रोनेट्स या गायिकांचं ‘बी माय बेबी’ ध्वनिमुद्रित केलं. या स्टुडिओची दौलत म्हणजे तिथल्या सिमेंटच्या भिंतींच्या रिकाम्या खोल्या. खोलीत एका ठिकाणी लाऊडस्पीकर, दुसऱ्या ठिकाणी माइक. स्टुडिओतला आवाज लाऊडस्पीकरमधून त्या खोलीत सोडायचा, भिंतींवर आपटून घुमलेला आवाज माइकने परत घ्यायचा आणि मूळ आवाजात मिसळायचा. ड्रमर हॅल ब्लेनने सांगितलं आहे, की दुसऱ्या मात्रेवरचा ठोका काठी निसटल्यामुळे राहून गेला आणि त्याने ती चूक तशीच पुढे चालवली. त्यामुळे सुरुवातीला स्नेअर फक्त चौथ्या मात्रेवर येतो आणि घुमायला त्याला मोकळी जागा मिळते. साठच्या दशकाचा तो भव्यपणा त्या सिमेंटच्या खोलीचा आहे.

सत्तरच्या दशकात ही आस मुद्दाम काढून टाकली गेली. टेपवर आता १६, मग २४ ट्रॅक मिळू लागले. प्रत्येक ड्रमला जवळून वेगळा माइक लावायचा आणि नंतर सावकाश बसून प्रत्येकाचा आवाज कमीजास्त करायचा, ही सोय झाली. पण खोली घुमत असेल तर प्रत्येक माइकमध्ये सगळेच ड्रम शिरतात आणि एक वाढवला की बाकीचेही वाढतात. म्हणून भिंतींना आवाज शोषणारी आवरणं, जमिनीवर गालिचे, ड्रममध्ये उशा-चादरी. फ्लीटवुड मॅकचं १९७७ चं ‘ड्रीम्स’ ऐका. ठोका पडतो आणि संपतो, जणू कुणी तुमच्या कानाशी वाजवतंय. मला हा कोरडेपणा आवडतो. गाणं त्यामुळे जवळचं वाटतं.

दशकं अशी दिनदर्शिकेवर ओळीने लागत नाहीत, हेही खरं. १९७१ मध्येच लेड झेपेलिन या बँडने ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’साठी ड्रमर जॉन बॉनमचे ड्रम हेडली ग्रेंज या जुन्या इंग्लिश घराच्या जिन्याच्या पायथ्याशी मांडले आणि माइक वरच्या मजल्यावरून लटकवले. जिन्याची ती उंची आजही त्या ठोक्यात ऐकू येते.

आता येतं ऐंशीचं दशक. इथे मला थांबायचंय, कारण यातला आवाज निसर्गात कुठेच नव्हता.

लंडनचा टाउनहाउस स्टुडिओ, तिथली दगडी भिंतींची खोली. गायक पीटर गॅब्रिएलच्या तिसऱ्या अल्बमचं काम चाललं होतं. निर्माता स्टीव्ह लिलीव्हाइट, ध्वनिमुद्रक ह्यू पॅजम, ड्रमवर फिल कॉलिन्स. वादक काचेच्या एका बाजूला, ध्वनिमुद्रक दुसऱ्या. वादक काय बोलतोय हे ऐकू यावं म्हणून त्याच्या खोलीत एक साधा माइक टांगलेला असे. वादक कुठूनही बोलेल, कधी पुटपुटेल, म्हणून त्या माइकला जबरदस्त कॉम्प्रेसर जोडलेला. कॉम्प्रेसर म्हणजे आवाजाच्या खुंटीवर सतत ठेवलेला हात: मोठा आवाज आला की दाबायचा, लहान आला की वर उचलायचा.

कॉलिन्स वाजवत असतानाच तो माइक चालू झाला, आणि नियंत्रण कक्षात जे ऐकू आलं त्याने सगळेच थक्क झाले. कारण समजायला सोपं आहे. ठोका मोठा, म्हणून कॉम्प्रेसरने तो दाबला. त्यामागून येणारा खोलीचा निनाद लहान, म्हणून तो वर उचलला. दगडी भिंतींचा घुमारा ठोक्याइतकाच मोठा होऊन बसला.

पण हा माइक बोलणं ऐकण्यापुरता होता, ध्वनिमुद्रणाला जोडलेलाच नव्हता. म्हणून आतल्या तारा बदलून तो जोडून घेतला गेला. त्यावर पॅजमने आणखी एक पायरी चढवली. स्टुडिओतल्या मिक्सिंग कन्सोलच्या, म्हणजे आवाज मिसळायच्या यंत्राच्या, प्रत्येक चॅनेलवर नॉइज गेट होता. गेट म्हणजे दारवान: आवाज ठराविक पातळीच्या वर असेल तोवर दार उघडं, खाली गेला की बंद. एरवी तो बारीक खरखर अडवण्यासाठी वापरतात. पॅजमने त्याला ड्रमच्या घुमाऱ्यावर बसवलं. ठोका पडतो, प्रचंड दालन उभं राहतं, आणि ते विरायला लागण्याआधीच दार धाडकन बंद. इमारतीच्या जिन्यात टाळी वाजवली तर आवाज हळूहळू मावळतो. इथे टाळीनंतर जिनाच नाहीसा होतो.

गॅब्रिएलने या अल्बममध्ये झांजा वाजवायच्या नाहीत असं ठरवलं होतं, आणि त्याचा इथे मोठा उपयोग झाला. झांज कितीतरी वेळ झणझणत राहते. ती असती तर कॉम्प्रेसरने तिलाच वर उचललं असतं आणि दार मिटलंच नसतं. १९८० च्या त्या अल्बमचं पहिलं गाणं ‘इंट्रूडर’ या ठोक्यानेच सुरू होतं.

जगाला हा ठोका कळला तो मात्र १९८१ मध्ये, कॉलिन्सच्या स्वतःच्या ‘इन द एअर टुनाइट’मुळे. या गाण्याची मांडणी मला फार शहाणपणाची वाटते. सुरुवातीला रोलंड कंपनीची सीआर-७८ ही तालपेटी बारीक टिकटिकत राहते आणि सिंथेसायझरचे स्वर धुक्यासारखे पसरतात. खरे ड्रम येतच नाहीत. ते येतात सुमारे ३ मिनिटं ४० सेकंदांनी, एकदम, आणि तोवर कान त्या बारीक टिकटिकीला इतका सरावलेला असतो की अंगावर काटा येतो.

एका स्टुडिओतली ही युक्ती दशकभर पसरली, कारण ती पेटीत बंद होऊन विकायला आली. इंग्लंडमधल्या बर्नली गावच्या एएमएस कंपनीने आरएमएक्स-१६ हे डिजिटल यंत्र काढलं. त्यातला एक प्रोग्राम असाच अर्ध्यात तुटणारा निनाद तयार करून देई. १९८५ मध्ये यामाहाचं एसपीएक्स-९० हे बरंच स्वस्त यंत्र आलं. आता दगडी खोली नको, तारा बदलायला नकोत. ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या १९८४ च्या ‘बॉर्न इन द यू.एस.ए.’चा तोफेसारखा स्नेअर ऐकला की हा आवाज त्या काळात किती मुरला होता ते कळतं.

त्याच वर्षांत खोलीची गरजच नसलेला ताल वेगळ्या वाटेने वाढत होता. रोलंडच्या १९८० च्या टीआर-८०८ या तालपेटीत ड्रमचे आवाज विजेच्या मंडलांतूनच जन्मतात. मार्विन गेचं १९८२ चं ‘सेक्शुअल हीलिंग’ त्यावर उभं आहे. त्याच वर्षी मुंबईत चरणजित सिंग यांनी याच यंत्रावर आणि रोलंडच्याच टीबी-३०३ या बेस-सिंथेसायझरवर दहा रागांचा अल्बम केला, आणि तो २०१० मध्ये पुन्हा प्रसिद्ध झाल्यावर जगभरचे लोक चकित झाले. मुंबईच्या या वादकाचा मला मनापासून अभिमान वाटतो.

मग आलं नव्वदचं दशक. १९९१ मध्ये निर्वाणा या बँडने कॅलिफोर्नियातल्या साउंड सिटी स्टुडिओत ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’ मुद्रित केलं. डेव्ह ग्रोलचे ड्रम एका मोठ्या खोलीत, मोकळे वाजलेले. मिक्सिंग करताना अँडी वॉलेसने ड्रमच्या नमुन्यांचा आधार घेऊन त्यांना थोडा जास्तीचा निनाद दिला, म्हणजे तीही खोली काही अंशी रचलेलीच. पण नीट कान देऊन ऐका: ठोक्यामागची आस इथे तोडलेली नाही. पुढच्या ठोक्यापर्यंत ती आपली आपण विरत जाते.