'दिसत नाही' म्हणजे नेमके काय?

नेत्रतपासणीच्या खोलीत सर्वांत जास्त वेळा ऐकू येणारी तक्रार दोनच शब्दांची असते : 'दिसत नाही.' आमच्या वर्धा जिल्ह्यात तिला एक आर्जवी 'जी' जोडलेला असतो. 'डोयानं दिसत नाही जी,' एवढे बोलून म्हातारबाबा स्टुलावर बसतात आणि हनुवटी यंत्रावर टेकवायला पुढे सरकतात. त्यांचे सांगून झालेले असते. आता काय ते यंत्राने सांगावे! माझी तपासणी मात्र त्या दोन शब्दांपासून सुरू होते.

१८५१ साली हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने नेत्रदर्शक यंत्र जगापुढे आणले. तोवर जिवंत माणसाच्या डोळ्यात डोकावण्याची सोयच नव्हती. डॉक्टरची सारी भिस्त रोग्याच्या बोलण्यावर. आज डोळ्यातल्या पडद्याची जाडीसुद्धा मोजता येते. तरीही यंत्र नेमके कुठे रोखायचे, हे रोग्याचे बोलणेच सांगते.

पहिला प्रश्न, कधीपासून? तारीख कोणाला आठवत नाही. 'पोळ्याला बैल सजवले तेव्हा दिसत होतं का? कापसाच्या पहिल्या वेचणीला?' असे विचारले की हिशेब लागतो. दोन-तीन वर्षांत हळूहळू अंधुक होत गेले असेल, तर बहुधा मोतीबिंदू. डोळ्यापुढे विजा चमकल्या, काळे ठिपके तरंगले आणि मग एका बाजूने पडदा ओढल्यासारखे झाले, तर आतला पडदा सुटला असण्याची शक्यता; तिथे उद्यावर ढकलून चालत नाही. पण या प्रश्नात एक मेख आहे. 'कालपासून' म्हणणाऱ्याच्या चांगल्या डोळ्यात काल कचरा गेलेला असतो. तो डोळा चोळताना दुसऱ्याने दिसत नसल्याचे प्रथमच ध्यानात येते. म्हणून मी विचारतो, 'नजर गेली कधी, आणि कळलं कधी?'

दुसरा प्रश्न, कोणते काम अडते? एसटीची पाटी वाचता येत नाही की तांदळातले खडे दिसत नाहीत? दिवसा त्रास होतो की दिवेलागणीनंतर? एखादी आजी आनंदाने सांगते, 'चष्मा सुटला जी, आता सुईत दोरा ओवता येते!' घरच्यांनाही कौतुक असते. खरे तर वाढत्या मोतीबिंदूने भिंगाची ताकद बदललेली असते. जवळचे दिसू लागते आणि लांबचे जाते. ही नजर फार दिवस टिकत नाही.

एखादी बाई अर्धे डोके दुखते, ओकाऱ्या होतात म्हणून महिनोन्‌महिने पित्ताच्या गोळ्या घेत असते. 'दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं का?' असे विचारावे, तर ती चमकून म्हणते, 'तुम्हाला कसं ठाऊक?' अंधारात बाहुली मोठी होते आणि काही डोळ्यांत आतले पाणी बाहेर पडण्याची वाट बंद होते. दाब वाढतो आणि ही सारी लक्षणे उमटतात. हा काचबिंदूचा एक प्रकार. दुसरा त्याहून कावेबाज. तो दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेने नजर खात जातो. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. म्हणून 'घरात कोणाला काचबिंदू होता का?' हे विचारावेच लागते. मधुमेहाचेही तसेच. साखर किती वर्षांपासून आहे, हे रोगी आपणहून सांगत नाही, कारण तो डोळे दाखवायला आलेला असतो!

ज्या प्रश्नाला सर्वांत जास्त टाळाटाळ होते, तो म्हणजे, 'डोळ्यात काय घातलं?' पऱ्हाटी उपटताना किंवा तूर कापताना काडी लागते, डोळा लाल होतो. कोणी मध घालतो, कोणी दुकानातून थेंब आणतो. त्या थेंबात स्टेरॉइड असले, तर लाली ओसरते आणि माणूस निश्चिंत होतो. इकडे काडीबरोबर आलेली बुरशी मोकाट पसरते. बुबुळावर कायमचे फूल पडते आणि कमावता डोळा जातो. आम्ही रागावू, या भीतीने बाटली पिशवीतच राहते. राग गिळून ती बाहेर काढायला लावणे, हेही तपासणीचेच काम.

आणखी एक अडचण सोबत आलेल्यांची. प्रश्न आईला, उत्तर मुलाचे! सेवाग्रामला १९६९ साली सुरू झालेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, घरोघर जाते. मला ही पद्धत मोलाची वाटते. दवाखान्यात पदर तोंडाशी धरून बसणारी बाई स्वतःच्या ओट्यावर मोकळी बोलते, आणि ते ऐकून घ्यायला तरुण डॉक्टर तिथे शिकतो.

वाचकहो, डोळे दाखवायला जाताना जुना चष्मा, चालू औषधे आणि वापरलेल्या थेंबांची बाटली बरोबर न्या. अधूनमधून घरीच एकेक डोळा झाकून भिंतीवरचे कॅलेंडर वाचून पाहा. घरातल्या वडीलधाऱ्यांना 'वयच झालं आता' असे म्हणण्याआधी नेमके काय दिसत नाही, ते विचारा. आणि उत्तर त्यांनाच देऊ द्या.