डोकं पंखाबाहेर

आमच्या घरी आलेला माणूस चहा येईपर्यंत कपाटावरच्या विमानाकडे बघत बसतो आणि मग हळूच विचारतो, "वरचा पंख जरा मागे गेलाय का हो?" शेजारच्या काकांनी तर चष्मा पुसून, मान वाकडी करून निकालच दिला : चिकटवताना घाई झाली. घाई कसली, सात महिने गेले त्यात. आणि पंख मागे गेलेला नाही, मागे बसवलाय. एक सेंटिमीटर. तेवढं अंतर चुकलं असतं तर मी ते विमान कपाटावर ठेवलंच नसतं.

विमानाचं नाव सॉपविथ डॉल्फिन. पहिल्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान, एका वैमानिकाचं, दुपंखी. त्या काळच्या बहुतेक दुपंखी विमानांत वरचा पंख खालच्यापेक्षा थोडा पुढे असे. डॉल्फिनमध्ये नेमकं उलटं. खालचा पंख पुढे, वरचा मागे, फरक 13 इंचांचा. 1:32 या प्रमाणात बांधायला घेतलं की त्या 13 इंचांचा एक सेंटिमीटर होतो. पंखांची रुंदी या टोकापासून त्या टोकापर्यंत 31 सेंटिमीटर, लांबी 21. शाळेतली फूटपट्टी शेजारी ठेवली तर साधारण तेवढंच.

फसणाऱ्यांना मी हसत नाही. 1917 च्या जूनमध्ये पहिलं नमुन्याचं विमान चाचणीसाठी फ्रान्समध्ये नेलं, तेव्हा दोस्तांच्याच विमानविरोधी तोफांनी त्याच्यावर गोळे सोडले होते. असली आकृती आपल्याकडे नाही, म्हणजे शत्रूची असणार, एवढा सरळ हिशोब. सुदैवाने नेम चुकला.

ही आकृती आली कुठून? तर वैमानिकाच्या डोळ्यांतून. हर्बर्ट स्मिथ हा सॉपविथ कंपनीचा मुख्य आरेखक. (या कंपनीला प्राण्यापक्ष्यांची भारी हौस : पप, कॅमल, डॉल्फिन, स्नाइप, सॅलमँडर. विमानांचा कारखाना कमी आणि राणीची बाग जास्त.) दुपंखी विमानात वैमानिकाच्या समोर आणि वर पंखाचं छप्पर असतं. मरण बहुधा तिकडूनच यायचं, वरून आणि सूर्याच्या बाजूने. स्मिथने वरचा पंख खाली ओढून वैमानिकाच्या डोळ्यांच्या पातळीला आणला, मधला भाग कापडाशिवाय उघडा ठेवला आणि त्या पोलादी नळ्यांच्या चौकटीतून वैमानिकाचं डोकं बाहेर काढलं. आता त्याला पुढे, मागे, वर सगळं मोकळं आकाश. पण वैमानिक त्या चौकटीत बसला म्हणजे वरचा पंख त्याच्याबरोबर मागे आला. पंख मागे आला की विमानाचा तोल बिघडला. तो सावरायचा तर खालचा पंख पुढे न्यायला हवा. झालं, विमान उलट्या पंखांचं झालं. 1917 च्या मे महिन्यात हॅरी हॉकरने ते पहिल्यांदा उडवलं.

म्हणून मी डॉल्फिनला विचित्र म्हणत नाही. एका माणसाचं डोकं कुठे असावं हे आधी ठरलं आणि उरलेल्या विमानाने त्याची किंमत मोजली.

किंमत जबरच होती. उतरताना चाक खड्ड्यात गेलं आणि विमान नाकावर उलटलं, तर सगळ्यात उंच वस्तू कोणती? वैमानिकाचं डोकं. विमान आलं तेव्हा अनेकांच्या मनात हीच धास्ती होती. काही विमानांना डोक्याच्या वर जाईल अशी लोखंडी कमान बसवण्यात आली. शिवाय त्या उघड्या चौकटीच्या पुढच्या दांडीवर दोन लुईस मशिनगन, तिरप्या वर रोखलेल्या. कागदावर हे झकास : शत्रूच्या पोटाखाली जायचं आणि वर मारा करायचा. प्रत्यक्षात या बंदुका उडताना हलायच्या आणि त्यांचा मागचा भाग वैमानिकाच्या तोंडासमोर. वाऱ्यात त्यांचे गोळ्यांचे गोल डबे बदलणं हाही एक व्यायाम. बहुतेकांनी एक काढून टाकली, कित्येकांनी दोन्ही. 87 नंबरच्या तुकडीने तर त्या उचलून खालच्या पंखांवर बसवल्या. मुख्य मारा बोनेटवरच्या दोन व्हिकर्स बंदुकांचा, पंख्याच्या पात्यांमधून.

इंजिनाचं दुखणं वेगळं. 200 अश्वशक्तीचं हिस्पानो-सुइझा, मार्क बिर्किग्ट या स्विस अभियंत्याच्या डोक्यातून उतरलेलं, आठ सिलिंडरचं, देखणं. पण पंख्याचा वेग कमी करणारे जे गिअर होते, ते काही फ्रेंच कारखान्यांतून येताना कच्चेच येत. लोहाराच्या भाषेत सांगायचं तर पाणी नीट चढलेलं नसे. दात झिजत, तुटत. डॉल्फिन दोन हजारांहून अधिक बांधली गेली. बांधणाऱ्यांत हूपर ही श्रीमंतांच्या बग्ग्या आणि मोटारींचे सांगाडे करणारी कंपनीही होती. पण युद्ध संपलं तेव्हा त्यांतली कित्येक विमानं इंजिनाची वाट बघत गोदामात उभी होती. पश्चिम आघाडीवर ती मिळाली ब्रिटिशांच्या चारच तुकड्यांना : 19, 23, 79 आणि 87.

आता बांधणीकडे येतो.

विमानाची प्रतिकृती करताना सुरुवात पंखांपासून होत नाही, खुर्चीपासून होते. डॉल्फिनमध्ये तर ती खुर्ची आयुष्यभर उघडीच राहणार, लपवायला वर पंखच नाही. लाकडी पट्ट्या, तारांचे फुल्याफुल्यांचे ताण, चामड्याची गादी, कंपास, पायाखालची रडरची दांडी. वैमानिकाच्या दोन्ही बाजूंना रेडिएटर, आणि त्यांच्याकडे गरम पाणी नेणाऱ्या वाहिन्या बैठकीच्या भिंतींलगतच. वीस हजार फुटांवर गारठून जाणाऱ्या त्या काळात डॉल्फिनचे वैमानिक उबेत बसत. डोकं गार, पाय गरम.

प्लॅस्टिकवर लाकूड आणायची युक्ती सोपी आहे. आधी फिकट बदामी रंग, तो वाळला की वर गडद तपकिरी तेलरंगाचा पातळ थर, आणि लगेच जुन्या, केस झडलेल्या ब्रशने एकाच दिशेने ओढ. ब्रशच्या प्रत्येक केसाची एक रेघ उमटते, आणि बघता बघता देवदाराची फळी तयार. तेलरंग वाळायला आठवडा. पावसाळ्यात दोन आठवडे. जुलैत मी घाईने वर चमकवणारं वॉर्निश मारलं आणि सकाळी बघतो तर सगळ्यावर पांढुरकी साय. हवेतली दमट वाफ वॉर्निशात अडकते. गंमत म्हणजे हाच त्रास मूळ कारखान्यांनाही होता. पंखांवरच्या लिननच्या कापडाला 'डोप' नावाचं रोगण चोपडत, ते सुकताना आकसून कापड ढोलासारखं ताणलं जाई. दमट हवेत तेही पांढरं पडायचं, म्हणून डोपच्या खोल्या मुद्दाम गरम आणि कोरड्या ठेवाव्या लागत. माझ्याकडे तशी खोली नव्हती. बायकोचा केस वाळवायचा ड्रायर होता.

रंगावरून या छंदातली माणसं एकमेकांशी बोलणं सोडतात. ब्रिटिश विमानांची वरची बाजू पीसी 10 या रंगाची असे. म्हणजे पिवळी माती आणि काजळी, डोपमध्ये कालवलेली. काजळी जास्त पडली की हिरवट, माती जास्त पडली की चॉकलेटी, आणि चार महिने उन्हात राहिलं की आणखी तिसराच. कुणी म्हणतं खाकी, कुणी ऑलिव्ह. माझं मत असं की दोन्ही बाजू बरोबर आहेत, आणि म्हणूनच वाद मिटत नाही. मी चिंचेच्या कोळाच्या जवळ जाणारा एक तपकिरी घेतला. पोटाकडची बाजू मात्र नुसती डोप दिलेली, साईच्या रंगाची.

खरी कसोटी वरचा पंख बसवण्याची. दोन्ही बाजूंना मिळून आठ उभ्या दांड्या, त्यांतली एक जरी अर्धा मिलिमीटर सरकली तरी पंख तिरका होतो, आणि उलट्या पंखांच्या विमानात डोळा लगेच ती चूक पकडत नाही. आधीच सगळं चुकल्यासारखं दिसत असतं. मी जाड पुठ्ठ्याचा एक साचा कापला, दोन्ही पंख त्यात उभे अडकवले, एका सेंटिमीटरची खूण पेन्सिलने केली आणि डिंक वाळेपर्यंत दोन दिवस खोलीला कुलूप लावलं. नातवाला सांगितलं, आत मांजर व्यालीय.

त्यानंतर तारा. पंखांना ताठ ठेवतात त्या दांड्या नव्हेत, दांड्यांमधले तिरपे ताण. मी गळाला वापरतात तो नायलॉनचा बारीक धागा घेतो, केसाहून थोडा जाड. हाताने फिरवायच्या छोट्या गिरमिटाने पंखात सुईच्या टोकाएवढं भोक पाडायचं, धागा ओवायचा, फेविक्विकचा थेंब टोकाला. कितीही ओढला तरी धाग्यात थोडा झोल राहतोच. तो काढायला देवघरातली उदबत्ती. पेटती काडी धाग्यापासून दोन-तीन मिलिमीटर अंतरावरून नेली की नायलॉन आकसतं आणि धागा तानपुऱ्याच्या तारेसारखा ताठ होतो. हात थांबला की तुटतो. माझे पाच तुटले. सहाव्या वेळी घरात मोगऱ्याचा वास आणि पंखाखाली सरळ रेघ.

मूळ विमानात या तारा गोल नव्हत्या, चपट्या होत्या, वारा कापायला दोन्ही कडा निमुळत्या. या प्रमाणात ते दिसत नाही. तरी पोलादी रंग देताना मी ब्रश आडवाच धरला. कुणासाठी, ते विचारू नका.

एवढं सगळं एका परक्या देशाच्या, शंभर वर्षांपूर्वीच्या विमानासाठी का, असं आमची मुलगी विचारते. तिला मी एक नाव सांगतो. श्रीकृष्ण वेलिंकर. मुंबईचा मुलगा, केंब्रिजला शिकायला गेलेला. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या हवाई दलात लढाऊ वैमानिक म्हणून उडालेले हिंदी तरुण एका हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. इंद्रलाल रॉयचं नाव निदान बंगालात घेतलं जातं, तो एस.ई.5ए उडवायचा. सरदार हरदितसिंग मलिक कॅमल उडवायचे. वेलिंकर 23 नंबरच्या तुकडीत होता, आणि 1918 च्या उन्हाळ्यात त्या तुकडीकडे होती ती डॉल्फिन. जूनच्या अखेरीस त्याचं विमान जर्मनांच्या बाजूला पडलं. तो जखमी अवस्थेत त्यांच्या हाती लागला आणि 30 जूनला गेला.

म्हणजे माझ्या कपाटावरच्या त्या पोलादी चौकटीतून ज्यांनी डोकं वर काढलं, त्यांत एक मुंबईचं होतं. हे मला पंख चिकटवून झाल्यावर कळलं. कळल्यावर मी दोनपैकी एक लुईस बंदूक काढून टाकली. चौकटीत डोळ्यांसमोर जरा जागा झाली.

वैमानिकाचा पुतळा मी बसवलेला नाही. खोक्यात होता, चांगला होता, चामडी टोपीसकट. रंगवायलाही घेतला आणि मग डबीत ठेवून दिला. रिकाम्या चौकटीतून खुर्ची दिसते, गादीची शिवण दिसते, बाजूच्या पाण्याच्या वाहिन्या दिसतात. पुतळा बसवला तर यातलं काहीच दिसणार नाही. एवढंच कारण.

मूळ डॉल्फिन आज पाहायचं तर लंडनला रॉयल एअर फोर्सच्या संग्रहालयात, तेही वाचलेले जुने भाग जमवून पुन्हा उभं केलेलं. अखंड असं एकही उरलं नाही. वेलिंकर मात्र फ्रान्समध्ये आहे, हँगार्ड गावच्या दफनभूमीला जोडलेल्या युद्धस्मशानात. हल्ली पॅरिसला जाणारी मराठी मंडळी पुष्कळ. तिथून अमिआँ आगगाडीने साधारण सव्वा तास, आणि अमिआँपासून हँगार्ड वीसेक किलोमीटर. आयफेल टॉवर बघून एखादा दिवस हाताशी उरला, तर जाऊन या.